बार म्हणजे कोण?



गेल्या महिन्यात मुलींच्या आरोग्य शिबिरात विषाणूंबद्दल बोलत होते. फळ्यावर 'एप्स्टाइन-बार विषाणू' असं लिहिलं. बारावी सायन्सच्या एका मुलीनं विचारलं, "ताई, हे दोघं शास्त्रज्ञ पुरुषच ना?" मी सवयीनं "हो" म्हणून मोकळी झाले. रात्री घरी येऊन वाचलं आणि जीभ चावली. बार ही बाई होती. स्त्री चळवळीत दहा-बारा वर्षं घालवलेल्या माझी ही गत!

इव्हॉन बार यांचा जन्म १९३२ सालचा, आयर्लंडमधला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून पुढे त्या लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात अँथनी एप्स्टाइन यांच्याकडे संशोधन साहाय्यक म्हणून लागल्या. युगांडात लहान मुलांच्या जबड्यात झपाट्यानं वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठींचं वर्णन डेनिस बर्किट या सर्जननं केलं होतं. त्या गाठींचे तुकडे कंपालाहून विमानानं लंडनला येत. थेट गाठीत विषाणू शोधण्याचे प्रयत्न फसले होते. त्या पेशी प्रयोगशाळेत जगवायच्या आणि वाढवायच्या, हे काम बार यांच्याकडे होतं. रोज निगुतीनं करायचं, चिकाटीचं काम. अशा कामाला आपल्याकडे 'मदत' म्हणतात! पेशी वाढल्या म्हणूनच फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हर्पीस कुळातला नवा विषाणू दिसला. मार्चमध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला, एप्स्टाइन, अचाँग आणि बार अशा तिघांच्या नावानं. वाढवलेल्या पेशींना एप्स्टाइन-बार यांच्या आद्याक्षरांवरून 'ईबी' म्हणत. तेच नाव विषाणूला चिकटलं. सूक्ष्मदर्शकाचं काम करणारे, त्रिनिदादहून आलेले बर्ट अचाँग मात्र नावातून गळाले. गळतात त्या फक्त बायकाच, असं नाही.

हा विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. आपल्या बी-पेशींत तो जन्मभर दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते. ग्रंथीज्वराचा संबंध त्याच्याशी जोडला तो फिलाडेल्फियात गरट्रूड आणि वर्नर हेन्ले या दांपत्यानं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण मदतनीस मुलीला हा ज्वर झाला. आधी तिच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडं नव्हती, आजारानंतर ती सापडली. तो निबंध १९६८ चा. आणि २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक माणसांच्या नोंदींवरून दिसलं, की या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस होण्याचा धोका ३२ पट होतो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक होतो, म्हणजे हा आपलाही विषय आहे.

पण बार यांचं पुढे काय झालं? १९६६ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. लग्नानंतर त्या ऑस्ट्रेलियात गेल्या. जगभर ज्यांचं नाव घेतलं जात होतं, त्यांना तिथे संशोधनात कायमची जागा मिळाली नाही. त्या शाळेत शिक्षिका झाल्या. २०१६ मध्ये त्या वारल्या.

शिक्षिका होण्यात कमीपणा नाही, हे मी शिक्षिकेची मुलगी म्हणून सांगते. प्रश्न निवडीचा आहे. माझी एक मैत्रीण रोगप्रतिकारशास्त्रात पीएच.डी. झाली. दुसऱ्या बाळंतपणात तिची फेलोशिप संपली. संस्थेत पाळणाघर नव्हतं, आणि परत आली तेव्हा वयाची अट आडवी आली. "घर सांभाळायला निघून गेली," असं तिचे सर आजही सांगतात. ती गेली नाही, तिच्यासाठी दार बंद झालं. बायकांच्या गळतीला 'वैयक्तिक निर्णय' म्हटलं, की संस्थेला कुणी जाब विचारत नाही. आपण गिरणी, शेत, कचरावेचक, घरकामगार यांच्या रजेसाठी भांडलो आणि भांडत राहू. प्रयोगशाळेतली कंत्राटी बाई मात्र 'शिकलेली आहे, बघेल आपलं' म्हणून आपल्याही यादीतून सुटली. ही आपली चूक आहे.

म्हणून पुढच्या अंकासाठी एक मागणं. तुमच्या गावातल्या विद्यापीठात, महाविद्यालयात, रक्तपेढीत, तपासणी केंद्रात काम करणाऱ्या बायकांशी बोला. कंत्राट किती महिन्यांचं, बाळंतपणाची रजा पगारी मिळाली का, तक्रार समिती कागदावर आहे की भेटते, आणि निबंधावर त्यांचं नाव कितवं आलं, एवढं विचारून लिहून पाठवा. नावं छापणार नाही.

त्या मुलीला मी पत्र टाकून चूक कबूल केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तिची परीक्षा चालू असावी.