जेद्दा साडेपाच तासांवर, मग मुंबई इतकी दूर का?

हजच्या अर्जाचे दिवस आले की आमच्या पुसेगावात असरच्या नमाजनंतर एक प्रश्न हमखास येतो, "सर, मुंबईहून जेद्दा किती तास?" उत्तर सोपं आहे. हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. जाताना साधारण साडेपाच तास. परतताना वारा मागून असल्यामुळे वेळ थोडा कमी लागतो. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्या आजोबांच्या पिढीला हाच प्रवास जहाजाने करताना आठवडा-दोन आठवडे लागत. मुंबईहून हजची जहाजं 1995 मध्ये बंद झाली.

पण आम्हाला वाटतं, प्रश्न अर्धाच विचारला जातो. पूर्ण प्रश्न असा : आपल्या दारापासून जेद्दा किती दूर आणि कितीला?

सेनगाव तालुक्यातून मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. 2024 पासून हिंगोलीहून जनशताब्दी आहे, तरी दहा-अकरा तास जातातच. म्हणजे समुद्र ओलांडायला लागतो त्याच्या जवळपास दुप्पट वेळ मुंबई गाठायला. त्यात सत्तरीची अम्मी, शुगरच्या गोळ्या, सामान, शिवाय निरोपाला आलेले चार नातेवाईक.

मग औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) का नको? ते मुंबईच्या निम्म्याहून जवळ. इथेच खरी गोम आहे. 2023 मध्ये हज कमिटीमार्फत मुंबईहून जाणाऱ्याला एकूण सुमारे 3 लाख 5 हजार रुपये लागले आणि औरंगाबादहून जाणाऱ्याला सुमारे 3 लाख 93 हजार. फरक तब्बल 88 हजारांचा! नकाशावर मोजलं तर औरंगाबाद जेद्द्यापासून मुंबईपेक्षा जेमतेम अडीचशे किलोमीटर लांब आहे. एवढ्या अंतराचे 88 हजार कसे होतील?

कारण हजचं भाडं किलोमीटरवर ठरत नाही, निविदेवर ठरतं. हाजींना सोडून विमान बरेचदा रिकामं परततं, त्या फेरीचा खर्चही तिकिटातच येतो. लहान विमानतळावर प्रवासी कमी आणि कंपन्यांची स्पर्धाही कमी, म्हणून दर चढतो. 2018 मध्ये सबसिडी बंद झाल्यापासून हा सगळा भार थेट हाजीच्या खिशावर आहे. आम्ही सबसिडी परत मागत नाही. सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच ती टप्प्याटप्प्याने संपवायला सांगितलं होतं. पण दर ठरवण्यात पारदर्शकता मागणं हा आपला हक्क आहे.

आमचं म्हणणं दोनच गोष्टींचं. पहिली, विमानतळ निवडण्याआधीच प्रत्येक ठिकाणचा अंदाजे दर जाहीर व्हावा. 2023 मध्ये अंतिम रक्कम निवड झाल्यानंतर कळली, तेव्हा लोकांची फार ओढाताण झाली. दुसरी गोष्ट आपल्या हातातली. अर्ज भरण्याआधी घरी कागद-पेन घेऊन बसा. गाडीभाडं, मुंबईतला मुक्काम, सोबत येणाऱ्यांचा खर्च, सगळं मांडा. उमऱ्याला जाणाऱ्यांनी हैदराबादचाही हिशोब करावा. नांदेडमार्गे ते आपल्याला मुंबईपेक्षा जवळ पडतं.

साडेपाच तासांचं विमान सगळ्यांना सारखंच. पण त्या विमानाच्या दारापर्यंत पोहोचणं सारखं नाही. आयुष्यभर पै-पै जोडणाऱ्या आपल्या बुजुर्गांसाठी तरी हा हिशोब आधी मांडायला हवा.