चूक सांगावी कशी?

‘कलाशाखेच्या मुलीला संगणक कशाला?’ असे मला वडूजमध्ये अनेकदा ऐकावे लागते. पण मुंबईच्या भावाचा निरोप ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, त्याचा सर्व्हर अर्लंग या फलनप्रधान भाषेवर चालतो. एकदा दिलेले मूल्य पुन्हा न बदलणे, ही या भाषेची शिस्त. १९८६ साली एरिक्सन कंपनीत जन्मलेली ही भाषा १९९८ मध्ये सर्वांना खुली झाली. तिच्याच पायावरील ग्लीम भाषेची १.० आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली. नवख्याची चूक समजुतीच्या शब्दांत दाखवावी, असा तिच्या मंडळींचा आग्रह आहे. आपण मात्र इंग्रजी अडले की मुलाला ‘ढ’ ठरवतो! मित्रहो, चूक मराठीत समजावणारे एखादे पुस्तक हवे. आणि ते व्याकरण शिकलेल्या आपणच का लिहू नये?