७० लोकांच्या खेड्यासाठी अख्ख्या देशाने मतदान केलं, तेव्हा काय झालं होतं?

१ जानेवारी २०२६ रोजी स्वित्झर्लंडमधलं मुतिए हे सुमारे साडेसात हजार वस्तीचं शहर बर्न कँटनमधून ज्युरा कँटनमध्ये गेलं. कँटन म्हणजे साधारण आपल्याकडचं राज्य, पण अधिकार बरेच जास्त. हाच प्रवास ३० वर्षांपूर्वी मुतिएजवळच्या एका फ्रेंच भाषिक खेड्याने केला होता. व्हेलरा हे त्याचं नाव. बिर्स नदीच्या अरुंद खोऱ्याजवळ, डोंगरउतारावर वसलेलं हे गाव. लोकसंख्या जेमतेम ७०.

वाद जुना आहे. १८१५ मध्ये व्हिएन्ना परिषदेने ज्युराचा डोंगराळ, मुख्यतः फ्रेंच बोलणारा प्रदेश जर्मन भाषिकांचं बहुमत असलेल्या बर्नला जोडला. १९७४ च्या सार्वमतात वेगळ्या कँटनच्या बाजूने कौल लागला. पण १९७५ मध्ये दक्षिणेकडच्या तीन जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहायचं ठरवलं. भाषा तीच, पण उत्तर कॅथलिक आणि दक्षिण प्रोटेस्टंट. नुसत्या भाषेने सीमा ठरत नाही, ती अशी.

व्हेलरा का अडकलं?

त्यानंतर सीमेवरच्या गावांना पुन्हा विचारण्यात आलं. अट एकच: गाव नव्या कँटनला लागून हवं. व्हेलरा आणि ती सीमा यांच्या मध्ये कुरांदलँ हे शेजारचं गाव होतं. कुरांदलँने ज्युरा निवडलं आणि त्या निकालाने व्हेलरा थेट सीमेवर आलं. पण मत देण्याची संधी तोवर निघून गेली होती.

१९७९ मध्ये ज्युरा कँटन अस्तित्वात आला, व्हेलरा मात्र बर्नमध्येच राहिलं. १९८२ मध्ये गावाने स्वतःला 'मुक्त गाव' जाहीर केलं. कायद्याच्या दृष्टीने याला काही अर्थ नव्हता, पण प्रश्न जिवंत राहिला. बदल्यात ज्युरातलं एडर्सविलर हे जर्मन भाषिक गाव बर्नला द्यावं, अशीही चर्चा झाली. एडर्सविलर आजही ज्युरातच आहे.

तेव्हाच्या राज्यघटनेनुसार कँटनची हद्द बदलायला देशव्यापी सार्वमत लागायचं. म्हणून १० मार्च १९९६ रोजी जिनिव्हापासून झुरिकपर्यंतच्या मतदारांनी या ७० लोकांच्या गावाबद्दल मत दिलं. ९० टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली आणि १ जुलैला व्हेलरा ज्युरात आलं.

मुतिएसाठी देशव्यापी मतदान झालं नाही, कारण १९९९ च्या नव्या राज्यघटनेने नियम बदलला. आता संबंधित लोकांची आणि दोन्ही कँटनची संमती, शिवाय संघीय संसदेची मंजुरी एवढं पुरतं. तरी मुतिएचं सोपं झालं असं नाही. २०१७ चं तिथलं मतदान गैरप्रकारांच्या कारणाने रद्द झालं. २०२१ मध्ये ते पुन्हा घ्यावं लागलं आणि जवळपास ५५ टक्क्यांनी ज्युराला कौल दिला.

मग व्हेलराचं पुढे काय झालं?

७० वस्तीच्या गावालाही स्वतःची नगरपालिका चालवायची तर पदाधिकारी, अंदाजपत्रक, रस्ते, पाणी हे सगळं बघावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या सुमारास ३,००० हून जास्त नगरपालिका होत्या. विलीनीकरणांमुळे आता त्या २,१०० च्या आसपास आहेत. व्हेलराही त्यातच गेलं. १ जानेवारी २०१९ पासून ते स्वतंत्र नगरपालिका नाही. ते विलीन झालं कुरांदलँमध्ये, म्हणजे १९७५ मध्ये वाटेत आडव्या आलेल्या त्याच शेजाऱ्यात.