कुलगुरू महोदय, पदवीधराला बोलतं करा

मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे.



देवळाली कॅम्पहून लिहितो आहे. शेजारचं भगूर हे सावरकरांचं गाव. त्यांचं राजकारण पटो न पटो, त्यांच्या बी.ए.ची कथा तुम्हाला ठाऊक असेल. मुंबई विद्यापीठाने १९११मध्ये त्यांची पदवी काढून घेतली आणि १९६०मध्ये परत दिली. मधल्या काळात हा माणूस कागदोपत्री पदवीधर नव्हता, पण फर्ग्युसनमध्ये झालेलं वाचन कुणाला जप्त करता आलं नाही.

आज आमच्याकडे उलट आहे. कागद शाबूत, वाचनाचा पत्ता नाही. पोरांना मी दोष देत नाही. पोलिस भरतीला बारावी चालते, तलाठ्याला पदवी लागते. शाखा कोणती, हे कुणी विचारत नाही. मग गाईड, जर्नलची झेरॉक्स आणि इंटर्नलचे मार्क एवढ्यावर तीन वर्षं निघतात. नव्या शैक्षणिक धोरणात तर वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. बाहेर पडायची दारं वाढली, आत काय घडलं ते विचारणारं कुणी नाही.

आमचा कॅम्प तोफखान्याचा. २०२२मध्ये अग्निवीरांसाठी इग्नूची पदवी जाहीर झाली, त्यात निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे. प्राध्यापक मंडळींनी नाकं मुरडली. मला त्यात गैर वाटत नाही. तोफेवर शिकणाऱ्याला उस्ताद सगळ्यांसमोर करून दाखवायला लावतो. येत नसेल तर तिथेच उघडं पडतं. सायन्सवाल्यांना निदान प्रॅक्टिकल असतं. बी.ए., बी.कॉम.च्या पोराला समोर बसवून कोण विचारतं, की बाबा, तुला काय समजलं?

म्हणून मागणी एकच. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक पुस्तक पूर्ण वाचावं किंवा आपल्या गावातला एक प्रश्न धसास लावावा, आणि बाहेरच्या परीक्षकासमोर वीस मिनिटं त्यावर बोलावं. मराठीत बोललं तरी चालावं. नापास करायची मुभा मात्र खरी असावी, नाहीतर तेही इंटर्नलच्या वाटेने जाईल.

माणसं नाहीत, असं उत्तर येईल. जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक पिचलेत, हे खरंच. पण निवृत्त प्राध्यापक नाशकात पुष्कळ आहेत. योग्य मानधन दिलंत तर येतील. निदान नाशिक जिल्ह्यातल्या कला शाखेपुरतं पुढच्या वर्षी हे सुरू करा.

आपला,
देवळाली कॅम्पचा एक रहिवासी