सारफथची विधवा आणि आमचा धान्याचा डबा



शास्त्रपाठ : 1 राजे 17:8-16

गेल्या रविवारी उपासनेत याच भागावर संदेश झाला. वक्ते बाहेरगावचे पाहुणे होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की विधवेने आधी देवाच्या सेवकाला दिले म्हणून तिचे मडके भरले. तुम्हीही आधी द्या आणि मग बघा. लगेच दानाच्या थैल्या फिरल्या. माझ्या शेजारच्या आजींनी पदराची गाठ सोडून पन्नासाची नोट काढली. त्यांची पेन्शन तीन महिने अडकली आहे हे मला ठाऊक होते. घरी आल्यावर तो अध्याय मी दोनदा वाचला. दान देऊ नये असे मी म्हणत नाही. पण या उताऱ्यावरून दान मागणे मला पटत नाही.

एलीया त्या बाईच्या दारी कोणत्या अवस्थेत आला ते आधी पाहू. पाऊस पडणार नाही, हे अहाब राजाला सांगणारा तोच. आणि पाऊस नाही म्हणून ज्या करीथ ओहोळाचे पाणी तो पीत होता, तो ओहोळही आटला. आपणच सांगितलेल्या दुष्काळातून देवाने संदेष्ट्याला सूट दिली नाही. कावळ्यांनी आणलेल्यावर जगलेला, धुळीने माखलेला हा माणूस वेशीपाशी येतो आणि आधी पाणी मागतो. बाई निघतेसुद्धा! घरात पसाभर पीठ उरलेले असताना परक्या माणसासाठी पाणी आणायला ती वळते. भाकरीचे नाव निघाल्यावर मात्र तिने खरे ते सांगून टाकले : चार काटक्या वेचून शेवटचे भाजायचे, मुलाबरोबर खायचे आणि मरायचे.

अशा बाईला ‘भिऊ नको’ म्हणणारा स्वतः उपाशी होता. त्याने आपल्यासाठी लहानशी भाकर मागितली, ती तिथेच खाल्ली आणि पुढे त्याच घरात राहिला. मडके रिकामे झाले असते तर तोही त्यांच्याबरोबर मेला असता. थैली घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाणाऱ्याला हे वचन वापरण्याचा किती अधिकार आहे, ते वाचकांनी ठरवावे.

दुसरे असे, की मडके भरले असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. पीठ सरले नाही, तेल आटले नाही, एवढेच आहे. बाईने दुसरे मडके घेतले नाही, कोठार बांधले नाही. रोज सकाळी तळाशी हात घातला की त्या दिवसापुरते निघत असे. आदल्या रात्री झोपताना मात्र मडके जवळजवळ रिकामेच दिसत असणार. आणि वचनाला मुदतही होती : पाऊस पडेपर्यंत. पुढच्याच ओळींत तिचा मुलगा आजारी पडून मरतो आणि ती एलीयाला चांगले खडसावते. मुलगा पुन्हा जिवंत झाला हे खरे, पण देवाने पीठ पुरवले म्हणून घरात दुःख शिरलेच नाही, असे झाले नाही.

सारफथ हे गाव आज लेबनॉनमध्ये आहे, सोर आणि सीदोन यांच्या मधल्या किनाऱ्यावर. आताचे नाव सराफंद. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जेम्स प्रिचर्ड यांनी 1969 ते 1974 या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा कुंभारांच्या अनेक भट्ट्या सापडल्या. म्हणजे गाव मडकी घडवणाऱ्यांचे. मडक्यांना तोटा नव्हता, आत घालायला काही नव्हते. आणि हा मुलूख ईजबेलच्या बापाचा, पाऊस देणारा म्हणून जिची प्रजा बआलाला भजत होती. इस्राएलात तेव्हा विधवा कमी होत्या का? पण एलीयाला पाठवले ते या परदेशी, परधर्मी बाईकडे. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने एवढीच आठवण करून दिली (लूक 4) आणि लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले. आपल्या वाट्याचे बाहेर गेलेले माणसांना फार झोंबते.

अठराव्या अध्यायात राजा काय करत होता तेही वाचा. अहाब गवत शोधत फिरत होता, घोडे आणि खेचरे जगावीत म्हणून!

आम्हा गुजरातेत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती लोकांना दुष्काळ ही काही दूरची गोष्ट नाही. संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा ‘छप्पनिया’ इथे अजून नावाने ओळखतात. त्या वेळी पंडिता रमाबाईंची माणसे इथे आली आणि शेकडो उपाशी मुलींना केडगावला घेऊन गेली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि थोरली बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेली होती. त्यांनी भूक अंगावर काढली होती. जिला भाकर द्यायची तिचे घराणे, तिचा धर्म आधी तपासत बसायला त्यांना वेळ नव्हता.

आता मूळ मुद्दा. आमच्या मंडळीत वेस्ट्रीत पत्र्याचा एक डबा आहे. बाया रविवारी त्यात मूठ-दोन मुठी तांदूळ, तूरडाळ टाकतात आणि महिन्याअखेर गरजूंना वाटप होते. डबा सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. मागच्या बैठकीत सूचना आली, की वाटप फक्त सभासदांना करावे आणि वर्गणी थकलेल्यांना वगळावे. कारण नेहमीचेच : पुरत नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. सूचना करणारे वाईट माणूस नाहीत. डब्याचा तळ मीही पाहिला आहे.

मी विरोधात बोलणार आहे. चर्चसमोरच्या झोपड्यांतली एक बाई मुलाला घेऊन महिन्याअखेर येते. ती ख्रिस्ती नाही. दर वेळी मागण्याआधी ती आवारातला पाचोळा झाडून काढते, कुणी सांगितलेले नसताना. तिला काय सांगायचे, हे सूचना करणाऱ्यांनी माझ्याबरोबर दारापर्यंत येऊन सांगावे.

आणि त्या आजी. या महिन्याची यादी लिहिताना त्यांचे नाव मी न विचारता वर घातले. बुधवारी डाळ-तांदूळ घेऊन गेलो तर म्हणाल्या, “बस जरा, दोन घास खाऊन जा.”

बसलो.