भूत फोटोत नाही, फोटो काढणाऱ्याच्या मानेवर आहे

‘शटर’ हा थाई सिनेमा आपल्याकडची तरुण पोरं रात्री दिवे मालवून, घाबरायची हौस म्हणून पाहतात. मोठी माणसं ‘भुताखेतांचं खूळ घरात नको, ईमान कमजोर होतं’ म्हणत तो बंद करायला लावतात. माझं भांडण दोघांशीही आहे. दोघांचंही लक्ष भुताकडे. कॅमेऱ्याकडे कुणी पाहत नाही.

फोटोतली भुतं खरी माना, असं मी म्हणत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मम्लर हा फोटोग्राफर मेलेल्या नातेवाइकांचे ‘आत्मे’ फोटोत दाखवून पैसे घ्यायचा. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला. तो सुटला, पण असं भूत कॅमेऱ्याच्या युक्तीने बनवता येतं हे इतर फोटोग्राफरांनी तिथे साक्षीतच सांगितलं. तेव्हा भुताचा प्रश्न मिटला. माणसाचा उरला.

२००४ च्या या सिनेमात तुन हा फोटोग्राफर आहे. त्याच्या फोटोंत पांढऱ्या सावल्या, एका मुलीचा चेहरा उमटू लागतो. त्याची मान सतत दुखते. दवाखान्यात वजनकाटा त्याच्या अंगकाठीला न शोभणारा आकडा दाखवतो. ती मुलगी म्हणजे नात्रे, कॉलेजातली बुजरी विद्यार्थिनी. तुनचं तिच्याशी नातं होतं, पण ते त्याने मित्रांपासून लपवलं होतं. त्याच मित्रांनी तिच्यावर बलात्कार केला. तुनने थांबवलं नाही. त्याने फोटो काढला, तिने तोंड उघडू नये म्हणून. नात्रेने जीव दिला. शेवटी कळतं, ती त्याच्या खांद्यावरच बसलेली आहे.

आता सांगा, यात भीतीदायक काय आहे? मेलेली मुलगी, की फोटो काढणारा जिवंत मुलगा?

या कथेवरून तमिळमध्ये ‘सिवी’ निघाला, हिंदीत २०१० साली श्रेयस तळपदेचा ‘क्लिक’ आला. तुन मात्र पडद्यावरच राहिलेला नाही. २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे फोटो इंटरनेटवर ‘लिलावाला’ लावले गेले. आपण संतापलो, आणि ते योग्यच होतं. मग आपल्याच मोहल्ल्यातला पोरगा आपल्याच मुलीचा फोटो फिरवतो तेव्हा हा संताप कुठे जातो?

मी शिक्षक आहे. एका मुलीचा फोटो मुलांच्या मोबाइलवर फिरला. पुढे काय झालं? मुलीची शाळा सुटली. फोटो फिरवणारे परीक्षेला बसले, पास झाले. ‘मुलीची जात, तिने जपायला हवं होतं,’ असं सांगणारे सुशिक्षित होते. ‘मुलगा आहे, चुकला,’ म्हणणारेही तेच. मुलीची बदनामी आणि मुलाची चूक, हा हिशेब कुठल्या दीनने शिकवला? कुरआनात मोमिन पुरुषांना नजर खाली ठेवायचा हुकूम आधी आहे, स्त्रियांना नंतर. आपण बयान मात्र दुसऱ्याच हुकुमावर ऐकवतो.

कायदाही स्पष्ट आहे. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचा फोटो काढणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तक्रार द्यायला जाणार कोण? घरातच तिला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तुझा फोटो त्याच्याकडे गेलाच कसा?’ तुनला हवी होती तीच गप्प बसणारी मुलगी आपण घरोघरी फुकट तयार करून देतो.

म्हणून पालकांनो, हा सिनेमा मुलींपासून लपवू नका. समज आलेल्या मुलाला शेजारी बसवून दाखवा. संपल्यावर भुताबद्दल नव्हे, एवढंच विचारा: ‘त्या खोलीत कॅमेरा तुझ्या हातात असता, तर तू काय केलं असतंस?’ त्याला उत्तर सुचलं नाही, तर मुलीचा मोबाइल काढून घेण्याआधी त्याचा काढून घ्या.