गव्याची वाट आणि आपला बांध

— ऊस विकास अधिकारी, घाटाखालील गट



या पानावर एरवी बेणे, खोडवा, खताच्या मात्रा आणि हुमणीचा बंदोबस्त असे विषय असतात. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. पण तो आपल्या उसाच्या बांधापर्यंत येऊन पोचलेला आहे, म्हणून लिहिणे अगत्याचे वाटते.

घाटाखालच्या कुठल्याही वाडीत शेतकरी मेळावा घ्या, लागणीचे बोलणे सुरू झाले की मागच्या बाजूने कोणीतरी विचारतोच, "सायबानू, तुमी ऊस लावा म्हणान सांगतास, पण रात्री गवो इलो तर तेका कोण सांगतलो?" प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून वाढवलेला फड एका रात्रीत लोळवला गेला तर सभासदाने हसत बसावे असे कोणी म्हणणार नाही. पंचनामा, अर्ज, फोटो हे सर्व केलेच पाहिजे. पण दरवर्षी अर्ज लिहिणे हा काही उपाय नव्हे. गवा येतो का, आणि येतो तो आपल्याच फडात मुक्काम का ठोकतो, हे समजून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही.

प्रथम आपला मुलूख डोळ्यांसमोर आणू या. फोंडा घाट चढून वर गेले की दाजीपूर-राधानगरीचे जंगल लागते. १९५८ साली गव्यांसाठी राखलेले हे अभयारण्य. त्याच्या उत्तरेस चांदोली-कोयनेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तो २०१० साली जाहीर झाला. दक्षिणेस आंबोली, तिलारी, पुढे गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील दांडेलीचे रान. नकाशावर हे सर्व वेगवेगळे हिरवे ठिपके दिसतात. पण जनावराला नकाशा ठाऊक नाही आणि सातबाराही वाचता येत नाही. त्याला एका रानातून दुसऱ्या रानात जावेच लागते. चाऱ्यासाठी, पाण्यासाठी, जोडीदारासाठी. एकाच ठिपक्यात पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेल्या जनावरांची वीण कमकुवत होत जाते. एकाच गोठ्यातली वीण पुढे चालू ठेवली तर काय होते हे गुरे पाळणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

या ठिपक्यांना जोडणारी जी वाट, तिला तज्ज्ञ मंडळी 'कॉरिडॉर' म्हणतात. आपण संचारमार्ग म्हणू. शासनाने २०२०-२१ च्या सुमारास गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड, तिलारी, आंबोली-दोडामार्ग अशी संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर केली ती याच साखळीचे दुवे म्हणून. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली झाडतोडीला बंदी घातली, आणि मार्च २०२४ मध्ये तेथील २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याबाबत निर्देश दिले. हे झाले कागदावरचे. पण खरी गोम पुढेच आहे. सिंधुदुर्गातील रानाचा मोठा हिस्सा सरकारी नाही, तो खाजगी मालकीचा आहे. म्हणजे साखळीचा मधला दुवा वनखात्याच्या हातात नसून तुमच्या-आमच्या हातात आहे.

हा दुवा कसा तुटतो ते आपण रोज पाहतो. डोंगरउतारावरचे मिश्र रान ठेकेदाराला उभे विकले जाते. तोड झाली की ट्रक लाकूड घेऊन घाट चढतात. मागे उघडी माती राहते. दोडामार्गाकडे उतारच्या उतार साफ करून रबर आणि अननस लावले गेले. कळण्याच्या खाणीचा बांध २०२१ च्या पावसाळ्यात फुटून पाणी आणि माती लोकांच्या बागायतीत घुसली. महामार्ग चौपदरी झाला, तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. हे करणारे एक, आणि भोगणारा गावातला शेतकरी. शिवी मात्र गव्याला. आपल्याकडे म्हण आहेच, 'करून गेलो गाव आणि कांदळगावाचा नाव.'

दोडामार्गात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, त्याची कथा हीच. २०१५ साली माणगाव खोऱ्यात मोहीम काढून तीन हत्ती पकडले. त्यामुळे प्रश्न मिटला का? तिलारी खोऱ्यात हत्ती नंतरही राहिलेच. जनावर पकडून नेता येते, वाट पकडून नेता येत नाही.

काही सभासद म्हणतात, "हे सगळे जंगलाजवळच्यांचे. आम्ही मालवण किनाऱ्याकडचे, आमचा काय संबंध?" आहे. एक उदाहरण देतो. २००९ साली नगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. विद्या अत्रेय आणि वनखाते यांनी त्याच्या गळ्यात पट्टा बसवून त्याला माळशेज घाटात सोडले. हा पठ्ठ्या महामार्ग, रेल्वे, कारखान्यांची वस्ती आणि खाडी ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. माणसाला त्याने इजा केली नाही. त्याचे नाव 'आजोबा' पडले. आडोसा सापडत गेला, तिथून तो गुपचूप निघून गेला. अखेर २०११ साली घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला. आता दुसरे उदाहरण पाहा. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला. त्याला आडोसा मिळाला नाही, गर्दी मात्र मिळाली. पळवून पळवून बेजार झाला आणि मेला. आज पुण्यात घडते ते उद्या कणकवली-कुडाळात घडणार नाही असे कोणी सांगावे? आपली गावेही शहरे होऊ लागली आहेत. व्हाळ बुजवून त्यावर चाळी उठत आहेत. नगरपंचायतींनी निदान व्हाळाचा काठ आणि गावची राई एवढे तरी बांधकामातून सोडले पाहिजे.

आता उसाकडे वळू. बारा ते अठरा महिने उभा राहणारा, दाट, थंड, जवळ पाणी असलेला फड म्हणजे जनावराला जंगलच. जुन्नर-अकोल्याच्या पट्ट्यात बिबट्याची मादी उसातच विते, वाघाटीची पिल्लेही उसतोडीत सापडतात. घाटाखाली आपला ऊस जसजसा वाढेल तसे येथेही तेच होणार. पण हे जंगल आपण दरवर्षी दोन दिवसांत तोडून नेतो. तोडणी झाली की आतले जनावर उघड्यावर येते. बाजूला व्हाळाची झाडी असेल तर ते तिकडे सरकते. नसेल तर शेजारच्या फडात, नाहीतर वाडीत. म्हणजे झाडी राखली तर जनावर येते हे अर्धे खरे आहे. झाडी राखली तर जनावर जाते, हे उरलेले अर्धे.

आपल्या वाडवडिलांनी ही सोय न शिकता करून ठेवली होती. देवराईत कोयती लागत नसे. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षित मंडळींना तिची किंमत कळली. गावाला आधीपासून ठाऊक होती, कारण राईतला झरा एप्रिल-मे महिन्यात आटत नाही. कुणग्याला गडगा असे, त्यावरून साळिंदर, मुंगूस, कोल्हा पलीकडे जाई. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना वई असे. व्हाळाला जांभूळ, उंबर, करंज असत. खाडीला तिवर आणि चिपी. घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंत अशी एक अखंड हिरवी दोरी होती. मालवण तालुक्यात आचऱ्याला आजही गावपळण होते. तीन दिवस अख्खा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो आणि गाव देवाच्या हवाली करतो. त्यामागची श्रद्धा ज्याची त्याने मानावी. पण ही भूमी केवळ आपल्या एकट्याची नाही, एवढा अर्थ त्यातून घ्यायला हरकत नसावी.

आता आक्षेप. पहिला सावलीचा. झाडाखाली एक-दोन सऱ्या मार खातात हे खरे. म्हणून मी भर फडात झाडे लावा म्हणत नाही. व्हाळाच्या काठची दगडगोट्याची पंधरा-वीस फूट पट्टी, जिथे ऊस तसाही पातळ येतो, ती सोडा. तेथील मुळे धरून ठेवतील ती माती तुमचीच आहे. दुसरा आक्षेप हुमणीचा. वळीव पडला की भुंगेरे कडुनिंब, बोर, बाभळीवर जमतात, मग झाडे ठेवावीत कशाला? माझे म्हणणे उलट आहे. जमतात म्हणूनच ते रात्री फांद्या हलवून गोळा करता येतात. झाड तोडले म्हणून भुंगेरा गाव सोडून जात नाही. शिवाय उंदीर खाणारी घुबडे, धामण, रानमांजर यांना घर तिथेच मिळते. उंदराने किती ऊस कुरतडला त्याचा पंचनामा कोणी करीत नाही, पण वजनकाट्यावर तो दिसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. "जनावर राखायचे सर्वांसाठी, आणि नुकसान सोसायचे एकट्याने?" हे म्हणणे मला मान्य आहे. नुकसानभरपाई वेळेवर आणि पिकाच्या खऱ्या किमतीने मिळाली पाहिजे, आणि रान राखणाऱ्या मालकाला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. रान तोडले तर रोख पैसे आणि राखले तर फक्त शाबासकी, असा हिशेब असेल तर कोयतीच जिंकणार. ही मागणी शासनाकडे संस्थेच्या ठरावाने गेली पाहिजे. एकट्यादुकट्याच्या अर्जाला ते वजन नाही.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते असे :

१. व्हाळाचा काठ, पाणंद आणि राई यांना जाळ व कोयती लावू नये. मोकळ्या जागी जांभूळ, उंबर, किंजळ, भेरला माड, माणगा लावावा. माणग्याचे पैसेही येतात. नुसती अकेशियाची रांग म्हणजे रान नव्हे.

२. शेतविहिरीला कठडा बांधावा. गवा-बिबट्या विहिरीत पडला की जनावर जाते आणि आपलेही चार दिवस जातात.

३. कुंपणात थेट लाइनचा करंट कदापि सोडू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात जनावराआधी शेजाऱ्याचे पोर सापडू शकते. झटका देणारे सौर कुंपण फडापुरते घालावे, व्हाळाची वाट मोकळी ठेवावी.

४. तोडणी रस्त्याच्या बाजूने सुरू करून रानाच्या दिशेने न्यावी, म्हणजे आतल्या जनावराला निघायला वाट राहते. फड पेटवू नये. पाचट कुजवावे.

५. तोडीत पिल्ले सापडली तर हात लावू नये. तेवढी तोड थांबवून वनखात्यास कळवावे. मादी बहुधा रात्री येऊन पिल्ले घेऊन जाते. ही गोष्ट टोळीच्या मुकादमाला आधीच सांगून ठेवावी.

शेवटची गोष्ट संस्थेच्या संचालक मंडळासाठी आहे. माझ्या खात्याचे काम क्षेत्र वाढवण्याचे. लागणीचा आकडा वर गेला की माझी पाठ थोपटली जाते. तरीही मी जाहीरपणे सांगतो, की उभे रान नव्याने तोडून साफ केलेल्या उतारावरच्या उसाची नोंद आपण घेऊ नये. असे क्षेत्र एकूण नोंदीत फार नसेल. तिथे पाणी टिकत नाही, माती पहिल्या दोन पावसांत व्हाळात जाते, खोडवा साधत नाही, आणि घाट चढवून आणलेल्या त्या उसाची वाहतूकही परवडत नाही. त्यापेक्षा आहे त्या सपाट क्षेत्रात एकरी उतारा वाढवणे शहाणपणाचे. तसेच जो सभासद व्हाळाची पट्टी राखील त्याला रोपवाटिकेतून झाडे मोफत द्यावीत. खर्च किरकोळ आहे.

येत्या वार्षिक सभेत हे दोन्ही ठराव मांडावेत अशी माझी सूचना आहे. सभासदांनी ती हाणून पाडली तरी चालेल, पण चर्चा व्हावी. गवा सभेला येणार नाही. त्याची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, आणि ती मांडताना आपली स्वतःची विहीर, आपली माती आणि आपला बांध यांचीच बाजू मांडली जाते आहे, हे ध्यानात यावे. कळावे.